तोड चालू

भांडगावच्या पुढं हायवेवर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला, की मागं अडकलेला प्रत्येक माणूस शिव्या देतो. मीही देते, आणि माझ्या शिव्या चांगल्या असतात. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या पोरीला त्या शिकाव्या लागत नाहीत. पण परवा, यंदाचा हंगाम नुकताच पेटलेला असताना, अशाच ट्रॉलीमागं अडकले आणि शिवी द्यायची राहून गेली. ट्रॉलीबाहेर लोंबणारं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पानं, माझ्या काचेवर सपासप आपटत होतं. खिडकीतून ताज्या कापलेल्या उसाचा वास आत आला. गोड, हिरवा, किंचित आंबूस. लोकांना त्या वासानं गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते. मला रक्त आठवतं. हे मी सजवून सांगत नाही. एका हंगामात हे दोन्ही वास मी एकाच श्वासात घेतले होते, ते पुन्हा वेगळे करता आलेले नाहीत.

आमच्याकडं शेत नव्हतं. वडील रेल्वेत, आई अंगणवाडीत. ऊस मी पाहिला तो वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून, कासुर्डी-यवतच्या रस्त्यावरून जाताना, दोन्ही बाजूंच्या हिरव्या भिंती म्हणून. त्या भिंतींच्या आत कोण राहतं हा प्रश्न मला पडला नव्हता. पुढं इंजिनिअर झाले, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले आणि यंत्रांच्या सेटिंगचे पडदे बनवू लागले. म्हणजे मोबाईलवर किंवा संगणकावर जी बटणं दिसतात, कुठलं कुठं असावं, त्यावर काय लिहावं, दाबल्यावर आत काय व्हावं, ते ठरवायचं. घरच्यांच्या मते मी बटणं काढते. हे काम कुणाच्या जिवाशी येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

तो हंगाम सुरू झाला तोच एका मरणानं. भीमेच्या पुलावरून शिरूर तालुक्यात उतरलं की मांडवगण फराट्याच्या अलीकडं-पलीकडं उसात बुडालेल्या वस्त्या आहेत. त्यातल्या एका वस्तीवरची म्हातारी बांधावर गवत कापायला बसली होती. बसलेलं माणूस बिबट्याला, तिकडं त्याला वाघच म्हणतात, चार पायांचं जनावर वाटतं. ती बसल्या जागेवरून गेली. लोकांना सापडला तो विळा, आणि पुढं उसाच्या वाळल्या पाचटात ओढत नेल्याची ओली वाट. त्या दिवशी रस्त्यावर टायर पेटले. वनखात्याच्या गाडीच्या काचा फुटल्या, आणि काल-परवा नोकरीला लागलेल्या एका वनरक्षकाला लोकांनी इतकं मारलं की त्याच्या अंगावरचा खाकी शर्ट ओळखू येईना. त्याचा काय दोष होता? काही नाही. पण हात सापडेल त्यावर पडतात, आणि बिबट्या काही सापडत नव्हता.

मग तिथल्या विकास सोसायटीच्या चेअरमननी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, आमच्या कंपनीकडून डबे आणून वस्त्यावस्त्यांवर बसवले. डबा म्हणजे लोखंडी खांबावर एक कॅमेरा, त्याच्या पोटात तळहाताएवढा संगणक, आणि वर भोंगा. उसाच्या कडेला काही हललं की चित्र घ्यायचं, ते कुत्रं आहे, माणूस आहे की बिबट्या हे ओळखायचं, बिबट्या असला तर भोंगा वाजवायचा, आणि चित्र जपून ठेवायचं. एवढं करायला डब्याला मेमरी दिलेली होती अगदी तुटपुंजी, कारण डबा स्वस्त हवा होता. मेमरी म्हणजे यंत्राचा स्वयंपाकाचा ओटा. ओटा भरला की आपण भांडी एकात एक घालतो. यंत्र चित्रं आणि आकडे दाबून लहान करतं. हे दाबण्याचे तीन प्रकार आम्ही डब्यात भरले होते. एक हलका: भराभर दाबतो, पण जागा फार वाचवत नाही. एक आवळ: पुष्कळ जागा वाचवतो, पण दाबायला आणि परत उलगडायला वेळ खातो. तिसरा मधला, दोन्हीकडून बोलणी खाणारा. आणि दाबूनही जागा पुरली नाही, तर यंत्र चालू असलेल्या कामांपैकी एक निवडतं आणि त्याला ठार करतं. शब्द माझा नाही. आमच्या धंद्यात त्याला सरळ किलर म्हणतात, आणि चहा पिता पिता आम्ही विचारतो, काल किलरनं कुणाला मारलं.

माझ्याआधी ज्यानं या डब्याचा पडदा बनवला, त्यानं तीन प्रकारांसाठी एक आडवी सरकपट्टी दिली होती. डावीकडं हलका, मधल्यावर लिहिलेलं "संतुलित", उजवीकडं आवळ, त्यावर लिहिलेलं "कमाल". पुण्यातल्या एसीत ती फार सुरेख दिसायची. पण त्या माणसानं या मुलखात कधी हिवाळा काढला नव्हता. इथं कुठलाही कॉक, कुठलाही रेग्युलेटर अर्ध्यावर कुणी ठेवत नाही. पाटाला पाणी आलं की दारं पुरती उघडायची. लाइट कधीही येवो, मोटर आपली आपण सुरू व्हावी म्हणून स्टार्टर ऑटोवर टाकून जायचं. पंखा पाचवर. जे येतं तेच मुळात अपुरं, मग अर्धं कशाला घ्यायचं? झाडून सगळ्या वस्त्यांवर लोकांनी पट्टी उजव्या टोकाला नेली आणि निवांत झाले. डबे आपली सगळी ताकद चित्रं आवळण्यात आणि उलगडण्यात घालवू लागले. बिबट्या ओळखायचं काम मागं पडत गेलं आणि भोंग्याची पाळी उशिरा यायला लागली.

चिंचेच्या वस्तीवर नाना नावाच्या शेतकऱ्यावर बिबट्या पडला तेव्हा भोंगा वाजला, नाही असं नाही. नाना गोठ्यात वैरण टाकत होते. उजाडलं होतं. बिबट्यानं मागून झेप घेतली ती मानेसाठी, पण डोक्याला बांधलेल्या टॉवेलची गुंडाळी त्याच्या दातांत आली. मान वाचली, डावा कान गेला, पाठीचं कातडं सोलून निघालं. धार काढायला बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सुमनकाकींनी, भरलेली बादली त्याच्या थोबाडावर फेकली, मग रिकामी बादली फेकली, मग नुसत्याच ओरडत अंगावर धावल्या. तो उसात गेला. आणि मग भोंगा वाजला. दुधात आणि रक्तात बसलेल्या त्या दोघांच्या डोक्यावर, मोठ्यानं, बराच वेळ. वस्तीवरच्या लोकांनी त्याच दिवशी पहारीनं डबा फोडला. त्या डब्याच्या जागी मी असते तर त्यांनी मलाही फोडलं असतं.

"तू तिकडचीच ना? जा जरा," कंपनीतले साहेब म्हणाले. दौंड वेगळा तालुका आहे, मधे नदी आहे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. आईकडं मुक्काम टाकला आणि रोज दुचाकीवर पूल ओलांडू लागले.

पहिल्या दिवशी सुमनकाकींनी मला नाव विचारलं नाही. "कंपनीची का तू?" हो म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढत गोठ्यात नेलं. सिमेंटवर काळपट डाग होता, धुवूनही राहिलेला.

"हितं पडलं हुतं मालक. तवा तुझा ह्यो डबा काय करत हुता? सांग मला."

मी खरं ते सांगितलं. "जुनी चित्रं आवळत होता, काकी."

"आन् आवळून काय केलं त्या चित्रांचं? लोणचं घातलं?"

त्यांच्या बोटांत आयुष्यभर धारा काढल्याचं बळ होतं. मनगटावर वळ उठले तरी मी हात सोडवून घेतला नाही. मला राग आला होता, पण त्यांचा नाही. त्या सुरेख सरकपट्टीचा. आजही कुठल्या यंत्राच्या पडद्यावर "संतुलित" आणि "कमाल" असले शब्द दिसले की माझी कानशिलं तापतात. कमाल! ज्याला सगळंच कमी मिळतं त्याच्यापुढं हा शब्द ठेवायचा, आणि त्यानं तो दाबला की म्हणायचं, लोकांना अक्कल नाही.

नवा डबा खांबावर चढला. अंगणात खाटेवर आप्पा बसले, उंबऱ्यात काकी, आणि पट्टी बांधलेले नाना आतून उरलेला कान देऊन ऐकत होते. मी सांगितलं, जागा थोडी आहे. चित्रं खूप साठवायची तर आवळून दाबावं लागेल, भोंगा मागं पडेल. भोंगा तत्काळ हवा तर हलकं दाबावं लागेल, चित्रं राहणार नाहीत.

"रेकॉर्डिंग पायजेच, मॅडम," आप्पा म्हणाले. "फोटो न्हाई दावला तर वरनं लिहून येतं, शेळी कुत्र्यानं खाल्ली. भरपाई कोण देतंय मंग? आख्खी सोसायटी माझ्या दारात येती."

"मेलेल्या शेळीचा फोटू तुमच्या मोबाईलात पायजे व्हय, आप्पा?" काकी तडकल्या. "आमाला जित्तं ऱ्हायचंय. आधी काय ते ठरवा."

"सुमन, दोन्ही व्हाया पायजे."

"दोन्ही व्हत न्हाई, म्हून तर ही पोरगी हितं येऊन बसलीया."

आप्पांनी चहाची कपबशी खाटेवर अशी आदळली की बशीचे दोन तुकडे झाले. ते वाईट नव्हते. शेळ्या गेलेल्या बायका त्यांच्याच ओट्यावर रडायच्या, आणि पुरावा नसला की त्यांना तसंच परत पाठवावं लागायचं. पण त्यांचं भांडण मेलेल्यांसाठी होतं आणि काकींचं स्वतःच्या मानेसाठी. पहाटे आणि दुपारी त्या गोठ्यात काकीच एकट्या असायच्या, नाना आता खाटेवर होते. मागच्या उसात ते जनावर अजून होतं.

मी दौंडला परत येऊन पडदे काढत बसायचे आणि पुसायचे. आजवरच्या सगळ्या पडद्यांत आम्ही लोकांना यंत्राच्या पोटातलं काहीतरी विचारत आलो होतो. किती दाबू, कसं दाबू, आधी कुणाला मारू. साहेब फोनवर म्हणाले, "युजरला चॉइस द्यावाच लागतो." मी म्हणाले, "युजरचा कान गेलाय, सर." त्यांनी फोन ठेवला.

त्याच दिवसांत आजूबाजूच्या फडांत तोड सुरू झाली. ऊसतोडणीची टोळी एका कडेनं शिरते आणि कोयते चालू होतात. तो आवाज मी पहिल्यांदा जवळून ऐकला. खच्च, खच्च, खच्च. बुडात एक घाव, शेंड्याला एक घाव. त्यात कुठं दया नाही आणि असून चालणारही नाही. हिरवी भिंत तासातासाला मागं हटते. तिच्या आत जे जे राहतं, ससे, घोरपडी, मुंगसं, रानडुकरं, ते सगळं उरलेल्या उसात सरकत जातं. शेवटी चार सऱ्या राहतात, आणि बारा महिन्यांचा तो सगळा संसार त्या चार सऱ्यांत एकमेकांच्या अंगावर चेपलेला असतो. मग तो फुटतो आणि वाट दिसेल तिकडं पळतो. बांधावरची माणसं काठ्या घेऊन उभीच असतात. एका सशाला चौघांनी मारलेलं मी पाहिलं, आणि नंतर कुणीच तो नेला नाही.

तिथं मला माझा पडदा दिसला. यंत्राचं काही विचारायचंच नाही. विचारायचं ते रानाचं. तीन मोठी बटणं: ऊस उभा, तोड चालू, रान मोकळं. ऊस उभा असताना जनावर आत लांब असतं. तेव्हा आवळून दाब, चित्रं साठव, आप्पांचा पुरावा होऊ दे. तोड चालू झाली की हलकं दाब, नजर अखंड ठेव, भोंग्याला किलरनं हात लावायचा नाही, जागा संपली तर रेकॉर्डिंगला मार. आणि रान मोकळं झालं की भोंगा बंद, डबा झोपला. दाबण्याचे तिन्ही प्रकार आत तसेच होते, पण त्यांची नावं कुणाला वाचावी लागणार नव्हती. प्रत्येक बटणाखाली मी एक ओळ घातली. "तोड चालू"खाली लिहिलं: जागा संपली तर आधी रेकॉर्डिंग मरेल. साहेबांना "मरेल" खटकलं. "थांबेल" कर म्हणाले. मी केलं नाही. काय मरणार आहे ते बटण दाबणाऱ्याला कळायला हवं, एवढाच माझा हट्ट होता आणि तो मी भांडून पुरा केला.

आप्पांना बटणं फक्त त्यांच्या मोबाईलवर हवी होती. मी ती काकींच्या मोबाईलवर दिली. आप्पा चिडले, मी त्यांच्याहून चिडले. "आप्पा, धारा तुम्ही काढता का?" नाना आतून हसले, ते त्या घटनेनंतरचं पहिलंच. काकींनी बोट ठेवून ओळ अक्षर अक्षर वाचली आणि मोबाईल कनवटीला खोचला. "बरं हाय. कोण मरणार ते आधी सांगितलंय तरी."

अजूनही मी अधूनमधून त्यांच्याकडं जाते. नाना उजवा कान पुढं करून बसतात. चांगलं बोललीस तर ऐकतो, म्हणतात, न्हाई तर त्यो दुसरा कान हाय. त्यांना तोडीच्या त्या दिवसाबद्दल बोलायला आवडतं. आम्हा दोघींना नाही.

त्या हंगामात काकींच्या गोठ्यामागच्या फडात टोळी शिरली तेव्हा मी तिथंच होते, डब्यावर नजर ठेवायला म्हणून. काकींनी सकाळीच "तोड चालू" दाबलं होतं. ऊन चढलं. फड कमी कमी होत गोठ्याच्या मागं चार-पाच सऱ्यांवर आला. काकी पाठमोऱ्या, वाकून, फावड्यानं शेण ओढत होत्या. मी खांबापाशी उभी होते.

भोंगा वाजला. खरंच सांगते, मला उसात काही हललेलं दिसलंसुद्धा नव्हतं. काकी गरकन वळल्या, आणि मगच ती पिवळी रेघ पाचटातून सुटून त्यांच्याकडं आली. फावडं आधीच वर गेलेलं होतं. त्याची कड बिबट्याच्या डोळ्यावर बसली. तो आवाज लाकडाचा नव्हता, मातीचा नव्हता. जनावर आडवं पडलं, उठलं, काकींचं लुगडं फाडून पुन्हा पडलं, आणि तेवढ्यात टोळीतले, वस्तीवरचे, सगळे पोचले. पुढचं कोयत्यांनी केलं. कुऱ्हाडीनं केलं, दगडांनी केलं. मेल्यावरही केलं. म्हातारीच्या नावानं एकेक घाव घालत होते, नानांच्या कानाच्या नावानं घालत होते. आप्पासुद्धा आले आणि त्यांनी लाथ मारली. बिबट्याला मारणं गुन्हा आहे हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. मला वाईट वाटलं का? त्या क्षणी नाही. काकी उभ्या होत्या, मान धडावर होती, आणि भोंगा वेळेवर वाजला होता. मला आनंद झाला. असा आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि पुन्हा होऊ नये.

श्वास खाली बसल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. चेहरा उतरला होता. "मॅडम, रेकॉर्डिंग?"

"नाही. आधी ते मेलं."

आप्पांनी डोळे मिटले आणि खाली बसले. ज्या पुराव्यासाठी ते माझ्याशी इतके भांडले, तो नाही म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. कुणीतरी वनखात्याला फोन केलाच होता. गाडी शिरूरहून निघाली होती.

काकी हौदावर हात धुऊन परत आल्या. लोक जरा लांब, चिंचेखाली तंबाखू मळत होते. त्या रक्तानं माखलेल्या ढिगापाशी काकी उकिडव्या बसल्या आणि का कोण जाणे, त्यांनी पोटाखाली हात घातला. गाईच्या सडाला घालतात तसाच, अंगठा आत घेऊन. त्यांच्या बोटांवर पांढरा थेंब आला. तो त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिला.

"दूध हाय हिला," त्या म्हणाल्या. "ओली हाय, व्यालेली. वाघीण हाय गं ही."

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. गोठ्यामागच्या उरलेल्या सऱ्यांच्या कडेला, पाचटातून दोन लहान कान वर आले होते. चिंचेखाली कोयते पुन्हा हातांत आले, माणसं उठली. काकींनी कनवटीचा मोबाईल काढला आणि रक्ता-दुधाच्या बोटानं दाबला. भोंगा अर्ध्यात तुटला. माझ्या हातातल्या मोबाईलवर चिंचेच्या वस्तीच्या नावापुढं आलं: रान मोकळं.

"काय न्हाई," काकी लोकांना ओरडल्या. "कुत्रं हुतं. बसा तिकडंच."

लोक घुटमळले. आप्पा माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमी बघा. काय दिसलं डब्याला?"

त्या हंगामातलं माझं सगळं काम, सगळी भांडणं, एवढ्यासाठी होती, की चुकीच्या वेळी चुकीचं बटण कुणी दाबू नये.

"कुत्रं, आप्पा," मी म्हणाले.

काकींनी बादली पालथी घातली आणि उसाकडं तोंड करून, माणसांच्या आणि त्या चार सऱ्यांच्या मधोमध बसल्या. फावडं त्यांनी घेतलं नव्हतं. मी शेजारी जाऊन हळूच म्हणाले, "काकी, आत अजून एखादा मोठा असला तर? भोंगा बंद आहे."

"असंल तर असंल," काकी म्हणाल्या. "तू जा मागं."

मी गेले नाही.